त्याचं त्याला थांबू दे

दिवाळी उलटली की गवत कापायच्या मशिनांचं काम संपतं. पावसाळाभर सोसायट्यांच्या मागं, नाल्यांच्या काठी आणि कुंपण घातलेल्या रिकाम्या प्लॉटांवर कमरेएवढं गवत माजतं, आणि माणसं ही मशिनं खांद्याला अडकवून सकाळपासून घुरघुरत फिरत असतात. नोव्हेंबरात गवत पिवळं पडून आडवं होतं. मग मशीन पुढच्या जूनपर्यंत बांधून ठेवायचं. ते नुसतं कोपऱ्यात उभं करून ठेवलं, तर जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, पण मशीन काही चालू होत नाही. आत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं काकवीसारखा चिकटा उरतो. तो कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसला की सगळं खोलण्यावाचून इलाज नसतो.

हे मशिनं बांधायचं काम घणसोली गावात उदयसिंह शेडगे करायचा. बावीस वर्षं त्याचा गाळा एकाच जागी होता. दहा बाय बाराची खोली, पुढं शटर, मागं एक दार, दारापलीकडं राहायची खोली. वर चार मजले, आणि पहिल्या मजल्यावर मालकीण बामाबाय. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरात आमटीला फोडणी दिली तर गाळ्यात ठसका लागायचा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वर बघितलं की नव्या टॉवरांच्या काचा चमकताना दिसायच्या. त्यांच्या बागांचं गवत कापणारी मशिनं मात्र दुरुस्तीला याच गल्लीत यायची.

यंदा श्रावणात उदयसिंहला झटका आला. गाळ्यात मशीन चालू करून बघत असतानाच तो खाली पडला. त्याची बायको विजयमाला गिरणीत दळण आणायला गेली होती. वरून बामाबाय धावत आली, तिनं आधी ते मशीन बंद केलं आणि मग माणसं बोलावली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बोलणं येईलही, नाही येणार असंही होईल. वाट बघा."

विजयमालानं चार महिने वाट बघितली. त्याला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, आणि दुपारी तो झोपला की मोबाईलवर त्याचा एक जुना आवाज ऐकायचा. नऊ सेकंदांचा होता. "माले, येताना ग्रीसचं दोन डबं आण. आन् तुला काय खावं वाटलं तर ते बी घे." एवढंच. ती तो कानाला लावून ऐकायची आणि पुन्हा सुरुवातीला न्यायची. तिला दुसरं काही नको होतं. पाय नाही चालला तरी चालेल, पण त्यानं एकदा "माले" म्हणावं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कासिमभाई टेम्पोतून सहा मशिनं घेऊन आला. रोह्याकडचा माणूस, सोसायट्यांच्या बागांची कामं घ्यायचा. दरवर्षीची त्याची मशिनं इथंच बांधली जायची.

"वहिनी, दादांना बघायला आलोय खरं तर," तो म्हणाला. "मशिनं टेम्पोत आहेत, पण तुम्हाला टेन्शन नको. वाशीला देतो मी यंदा."

"का? माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो..."

"उतरवा. बावीस वर्षं त्यांना पाना मी देतीय. कुठल्या बोल्टाला कुठला लागतो ते झोपेत सांगीन."

कासिमभाई हसला. त्यानं सहाही मशिनं भिंतीला ओळीनं उभी केली, आत जाऊन उदयसिंहचा लुळा हात दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बसला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालानं पदर खोचला. मागचं दार सताड उघडून ठेवलं. उदयसिंहची कॉट अशी लावली होती, की उशीवरून त्याला गाळा दिसावा. डोळे उघडे होते. तो बघत होता का नाही, ते सांगता यायचं नाही.

काम ठरलेलं होतं. आधी ब्लेड काढून तेल लावायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळायचं. गवताचा वाळलेला रस रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतून टाकी फडक्यानं कोरडी करायची. मग मशीन लोखंडी घोडीवर आडवं ठेवून चालू करायचं. नळीत आणि कार्बोरेटरात जे थोडंफार उरलेलं असतं तेवढ्यावर ते दोन-तीन मिनिटं चालतं. सगळं संपत आलं की एकदम जोरात पळतं, आणि आपोआप बंद पडतं. थंड झाल्यावर प्लग काढून आत चार थेंब तेल सोडायचं, दोरी सावकाश ओढायची, म्हणजे तेल सगळीकडं पसरतं.

यात उदयसिंहचे दोन नियम होते. बांधायच्या वेळी मशीन लाल बटण दाबून बंद करायचं नाही. "त्याचं त्याला थांबू दे," असं तो म्हणायचा. मधेच बंद केलं की आत पेट्रोल राहतं. आणि दुसरं, थांबेपर्यंत टाकीवर हात ठेवून जवळ उभं राहायचं. याला काही कारण नव्हतं. एकदा विजयमालानं विचारलं होतं, तर तो म्हणाला, "पावसाळाभर राबलंय ते. शेवटाला कुणीतरी जवळ नको व्हय?"

कासिमभाईची सहाही मशिनं अकरा वाजेपर्यंत रीतसर थांबली. प्रत्येकाच्या टाकीवर तिनं हात ठेवला होता. हाताखालची थरथर थांबली की तिला बरं वाटायचं, लेकराला थोपटून निजवल्यासारखं.

सातवं मशीन उदयसिंहचं स्वतःचं होतं. गाळा घ्यायच्या आधी तो स्वतः प्लॉट कापायला जायचा, तेव्हाचं. लाल रंग उडून गेलेला, मुठीवर त्याच्या बोटांचे खळगे पडलेले. श्रावणात तो पडला तेव्हा हेच चालू होतं. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. चार महिन्यांचं शिळं पेट्रोल आत होतं. विजयमालानं ते ओतून टाकलं. रंग चहासारखा झाला होता. हे काही चालू व्हायचं नाही, असं म्हणत तिनं दोरी ओढली.

पहिल्याच ओढीला ते चालू झालं.

तेवढ्यात आतून उदयसिंहला ठसका लागल्याचा आवाज आला. ती तशीच आत धावली. त्याला उठवून बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं, ओला झालेला सदरा बदलला. मग भाताची वेळ झाली म्हणून पेज भरवली. कुकरची वाफ, पाण्याचा नळ, वरच्या मजल्यावरचं धुणं, या सगळ्यात अर्धा तास कसा गेला ते तिला कळलं नाही. ताटली घासायला घेतली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गाळ्यातला आवाज अजून चालूच आहे.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच शेडग्यांच्या गाळ्यात एखादं मशीन थांबायच्या वेळी जवळ कुणी नव्हतं.

ती हात पुसत बाहेर आली. मशीन घोडीवर संथ चाललं होतं. तिनं टाकीचं झाकण काढलं, बोट आत घालून फिरवलं. बोट कोरडं आलं. पेट्रोलची नळी पारदर्शक होती. तीही रिकामी. तिनं नळी उपटून काढली, तरी आवाजात फरक पडला नाही. धूर येत नव्हता. सायलेन्सरला हात लावला तर भाजायला हवं होतं. ते कोमट होतं, अंगात कसर असलेल्या माणसाच्या कपाळासारखं.

"आगो विजयमाला," वरून बामाबाय ओरडली, "काय लावलंस गो ह्ये सकालधरून? मानसाला दोन घास सुखानं खाव दे की नाय?"

"थांबतंय मावशी आता."

"कवा थांबतंय? माझं कान गेलं, तवा?"

दीड वाजला, तरी ते थांबलं नव्हतं. विजयमाला टाकीवर हात ठेवून उभी होती. हात मुंग्या येऊन बधिर झाला, की ती दुसरा ठेवायची. तिला आता एक वास येत होता. पेट्रोलचा नव्हे. हिरवं गवत नुकतं कापलं की येतो तो, ओला, गोडसर. गाळ्यात गवताची काडीही नव्हती, आणि बाहेर तर सगळं गवत वाळून कोळ झालेलं होतं.

दुपारची नमाज उरकून कासिमभाई डोकावला. शटरच्या आत पाऊल टाकताच म्हणाला, "वा, काय हिरवा वास सुटलाय!" आणि मग त्याचं लक्ष टाकीकडं गेलं. झाकण उघडं, नळी लोंबकळत.

"वहिनी, हे कशावर चाललंय?"

"तेच बघतीय."

त्यानं वाकून टॉर्च मारली. कार्बोरेटरला कान लावला. "आत कुठं तरी साचलं असेल."

"अडीच तास पुरंल एवढं?"

कासिमभाईनं नळी पुन्हा चिमटीत धरून बघितली. त्यानं रुमालानं मान पुसली. मग म्हणाला, "बंद करा, वहिनी. जास्त विचार करू नका. बटण दाबा आणि बांधून टाका."

"ते बटण दाबत न्हाईत बांधायच्या वेळंला."

"मग मी दाबतो." त्यानं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे."

आवाज आतल्या खोलीतून आला होता. जाडसर, मोकळा, जसा असायचा तसाच. कासिमभाईचा हात हवेतच राहिला. विजयमाला कधी आत पोचली, ते तिचं तिला समजलं नाही.

उदयसिंह पाठीवर निजला होता. डोळे छताकडं. उजवा हात, चार महिने लाकडासारखा पडलेला, चादरीवर अर्धवट उचललेला होता. बोटं वळलेली, मूठ धरल्यासारखी. पहिलं बोट आत ओढलं गेलं, आणि त्याच क्षणी गाळ्यात मशीनचा आवाज चढला. बोट सैल झालं, आवाज उतरला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, बोला की."

"लई वाढलंय," उदयसिंह म्हणाला.

"काय वाढलंय?"

"गवात. छातीएवढं हाय."

"कुठं हाय तुम्ही?"

"ठावं न्हाई. पर जागा चांगली हाय. दगड न्हाई एक. बिलेड कुठं आडत न्हाई."

विजयमाला कॉटच्या कडेला बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. चार महिन्यांचं रडू होतं. दारात उभा असलेला कासिमभाईही डोळे पुसत होता. त्यानं मोनालीला फोन लावला.

मोनाली त्यांची एकुलती एक लेक, जुईनगरला दिलेली. चार वाजता रिक्षातून उतरली ती धावतच आत आली.

"पप्पा! पप्पा, मी आलेय. बघा ना माझ्याकडे!"

"कोण? मोना व्हय?" तो छताकडं बघतच म्हणाला. "बाजूला ऱ्हा. काड्या उडत्यात."

मोनाली हसली आणि रडली. मग कासिमभाईला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, डॉक्टर बोललेच होते. आवाजानं, ओळखीच्या वासानं मेंदू जागा होतो. मशीन बंद नका करू. चालू दे ना दिवसभर, काय बिघडतं?"

"अगं, पण ते चाललंय कशावर?"

"चाललंय ना पण? तुम्ही पण ना काका, कुठल्या वेळेला काय विचारता!"

कासिमभाई शटरकडं वळला. त्याला घरी जायचं होतं, पण त्याचा पाय निघेना. तो शटरजवळच्या स्टुलावर बसून राहिला आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत राहिला.

विजयमाला उदयसिंहचे पाय पुसायला वळली. रोज या वेळेला ती पुसायची. पायावरची चादर तिनं बाजूला केली, आणि तशीच थांबली. तळवे ओले होते. बोटांच्या बेचक्यांत हिरव्या काड्या अडकलेल्या. घोट्यापर्यंत गवताच्या रसाचे डाग होते, आणि चार महिन्यांत मऊ पडलेल्या तळव्यांना माती लागली होती. तिनं सगळं स्वच्छ पुसलं. मोनालीला काही सांगितलं नाही. फडकं पिळलं तर बादलीतलं पाणी हिरवं झालं.

"दमला का?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. हात हलका हाय. दोन्ही."

"पाय?"

"पायाला काय झालंय?"

तिनं चादर पुन्हा त्याच्या पायांवर ओढली. मग तो आपणहूनच बोलू लागला. गावाकडं भांगलणीला तण काढताना बायका एकेक पात म्हणजे ओळ धरून पुढं सरकतात, तसा तो पातीनं कापत चालला होता. एक पात पलीकडच्या बांधापर्यंत न्यायची, वळायचं, दुसरी धरायची. वारा गार आहे, असं म्हणाला. ऊन नाही, पण उजेड आहे. कापलेलं गवत मागं पडतंय आणि समोरचं कमी होत चाललंय.

"किती राहिलं?"

"सात-आठ पाती आसतील."

मोनालीला यात काही वावगं वाटलं नाही. बापाचा आवाज ऐकण्यातच ती हरखून गेली होती. चहा ठेवायला उठली. विजयमाला मात्र त्याच्याजवळ सरकली. तिनं लहानपणापासून शेतं बघितली होती. पाती संपल्या की माणूस रानातून निघतो.

"पलीकडं काय हाय, ओ?"

"मोकळं हाय." त्याचं बोट जरा सैल झालं. "कुणीतरी उभं हाय तितं."

"कोण?"

"तोंड दिसंना. कवापास्नं कायतरी इचारतंय मला. मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई." आणि तो हसला. गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं की हसायचा तसा. "म्हणलं, ही पात होऊ दे, मग बघू."

साडेचार झाले. "पाच ऱ्हायल्या," तो म्हणाला.

मोनाली चहाचा कप घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. त्याला लहानपणीच्या गोष्टी विचारत होती, आणि तो उत्तरं देत होता. ती पहिल्यांदा सायकलवरून पडली तो चौक त्याला आठवत होता. विजयमाला दाराच्या चौकटीत उभी होती. इकडं गाळा, तिकडं खोली. इकडं बोटं खळग्यांत बसावीत तशी मुठीवरची वेगाची कळ आपोआप दाबली जात होती आणि सुटत होती. तिकडं त्याचं बोट.

"तीन."

ती गाळ्यात आली. कासिमभाई उठून उभा राहिला.

"कासिमभाई, एक सांगाल का? हे आपोआप थांबलं तर काय हुईल?"

कासिमभाईनं स्टूल बाजूला सारलं. "मला कळत नाही, वहिनी. पण माझा बाप गेला ना, तेव्हा त्याला शेवटी कोणी अडवलं नाही. आम्ही नुसतं जवळ बसलो होतो."

"आन् बंद केलं तर?"

"तर दादा राहतील कदाचित. पण बोलायचे नाहीत."

"व्हय," विजयमाला म्हणाली. "तसंच वाटतंय मला बी."

तिनं टाकीवर हात ठेवला. तिला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. तिकडं त्या रानात त्याला दोन हात होते, दोन पाय होते, गार वारा होता, आवडीचं काम होतं. इकडं लघवीची पिशवी, पेज, आणि छत. त्याचा नियम त्यानं स्वतः सांगितलेला होता, हजार वेळा. त्याचं त्याला थांबू दे. जवळ उभं राहा.

"माले."

ती दचकली. चार महिने ज्यासाठी जीव टांगला होता, तो शब्द असा सहज आला होता.

"काय वो?"

"एकच पात ऱ्हायली बघ."

आवाज चढायला लागला. पेट्रोल संपत आल्यावर मशीन शेवटचं पळतं, तसा. बारीक होत, वर वर जात. घोडी थरथरू लागली. आतून मोनाली ओरडली, "आई, पप्पा किती छान हसतायत, ये ना लवकर!"

विजयमाला एकसष्ट वर्षांची होती. त्यातली बेचाळीस वर्षं तिनं या माणसाचं ऐकलं होतं.

तिनं लाल बटण दाबलं.

आवाज तुटला.

गल्ली एवढी शांत झाली, की वर बामाबायच्या बांगड्या ऐकू आल्या. मग कुठं तरी कुकरची शिट्टी झाली. गवताचा वास नव्हता. टाकीवरचा तिचा हात गार पडला होता.

आत उदयसिंहची छाती वरखाली होत होती. उजवा हात चादरीवर उताणा पडला होता. ओठ मिटलेले. मोनाली त्याच्या गालाला हात लावून "पप्पा, पप्पा" करत होती.

त्याचं उत्तर आलं नाही. पण त्यानं एक गोष्ट केली. चार महिन्यांत न हललेली मान त्यानं सावकाश भिंतीकडं वळवली. लांबचं ऐकू यावं म्हणून आपण कान देतो, तशी.

आता मशीनचा आवाज नव्हता. पलीकडं उभं असलेलं काय विचारतंय, ते त्याला नीट ऐकू येत असणार.

त्यानं ऐकलं. आणि मान हलवली. नाही.

डॉक्टरांना आनंद झाला. मान हलायला लागली ही फार मोठी गोष्ट आहे, असं ते म्हणाले. मोनाली आईवर महिनाभर रुसली होती, तीही निवळली. कासिमभाई एकदा येऊन आपली सहा मशिनं बघून गेला आणि सातव्याचं नाव त्यानं काढलं नाही. विजयमालानं ते एकटीनं चालू करायला बघितलं होतं. ताजं पेट्रोल, नवा प्लग. तळहाताला फोड येईपर्यंत तिनं दोरी ओढली. साधी फुरफुरसुद्धा झाली नाही.

उदयसिंह रोज मान हलवायचा. कुणी काही विचारलेलं नसताना. खोली शांत झाली की त्याचं तोंड भिंतीकडं वळायचं, थोडा वेळ तो ऐकायचा, आणि नाही म्हणायचा. सुरुवातीला ठामपणे. पुढं पुढं जरा वेळ घेऊन.

विजयमालाच्या एवढं ध्यानात आलं होतं, की आवाज असला की तो ऐकत नाही. म्हणून ती टीव्ही दिवसभर मोठ्यानं लावून ठेवायची. वर पंखा, खिडकीत रेडिओ, मधेच रिकामा मिक्सर फिरवायची. स्वतः सारखी बोलत राहायची, भाजीचं, पाण्याचं, मोनालीच्या सासूचं. बामाबाय म्हणायची, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण आवाजात तो छताकडं बघत शांत पडून राहायचा, आणि तेवढे तास विजयमालाचे असायचे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी भर दुपारी लाईट गेली.

टीव्ही गेला, पंखा गेला. ती गाळ्यात होती. रेडिओ विजेवरच चालायचा, त्याचे सेल कधीच संपले होते. ती "अहो, अहो, ऐका की, लाईट गेली बघा," असं मोठ्यानं म्हणत दारापर्यंत आली.

त्याचं तोंड भिंतीकडं होतं. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर, दमलेल्या माणसाला कुणीतरी खाली बसायला सांगावं, तसं काहीतरी आलं.

त्यानं मान डोलावली. हो.

मग डाव्या कोपरावर भार देऊन तो हळूहळू भिंतीकडं सरकला, आणि त्यानं कॉटवर दुसऱ्या माणसापुरती जागा केली. मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर विजयमालाच्या डोळ्यांदेखत सावकाश खाली दबत गेली.